माजघरातले गणित



व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काही जणांनी आज घरी बसण्याचा विचार केला असेल, आणि त्यात त्यांची चूक नाही. वसंत व्याख्यानमालेत श्रोता येतो तो इतिहास ऐकायला, साहित्य ऐकायला, फार तर राजकारण ऐकायला. तीन-चार वर्षांच्या पोराला एक-दोन-तीन कसे यावे, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? तरीही इतकी मंडळी आली आहेत आणि पुढच्या दोन रांगांत आजीमंडळी बसलेली दिसत आहे. आजचे बहुतेक बोलणे त्यांच्याविषयीच आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. थळच्या किनाऱ्यावर आम्ही एका घरी गेलो होतो. घरात चार वर्षांचा एक मुलगा. आमचा गणिताशी संबंध आहे हे कळताच त्याला आमच्यासमोर उभे करण्यात आले आणि त्याने एकपासून शंभरपर्यंत अंक एका दमात म्हणून दाखविले. कुठे अडखळला नाही. आम्ही टाळ्या वाजविल्या, शाबास म्हटले, आईच्या डोळ्यांत कौतुक मावेना. मग सहज, अगदी सहज, आम्ही पडवीतल्या शिंपल्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हटले, "बाळ, यातल्या चार शिंपल्या दे बघू." त्याने दोन्ही मुठी भरभरून आणून आमच्या पुढ्यात ओतल्या. "चार आहेत का?" म्हणून विचारले, तर तो पुन्हा एकपासून म्हणू लागला. बोट एका शिंपलीवरच ठेवलेले आणि तोंड सतराच्या पुढे गेलेले.

त्या मुलाचा यात काडीचाही दोष नव्हता. दोष टाळ्या वाजविणाऱ्यांचा होता, आणि पहिली टाळी आमची होती. शंभरपर्यंतचे शब्द पाठ असणे ही गोष्ट वाईट नाही. पण ते शुभंकरोतीसारखे पाठ आहेत. त्या शब्दांमागे वस्तू नाहीत. मोजणे म्हणजे काय, याचा विचार मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ केला आहे. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या दोघांनी १९७८ साली एका ग्रंथात त्याची फोड करून दाखविली. एका वस्तूला एकच शब्द द्यायचा; शब्दांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा; आणि शेवटचा शब्द येतो तो त्या शेवटच्या वस्तूचे नाव नसून सगळ्या ढिगाचे माप असते. या तिसऱ्या पायरीवर मूल फार दिवस थांबते. "किती शिंपल्या?" म्हटले की ते एक, दोन, तीन, चार, पाच असे मोजते. "म्हणजे किती?" म्हटले की पुन्हा एकपासून मोजू लागते. आपण वैतागतो. वास्तविक आपला प्रश्नच अजून त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. शिवाय मोजणी डावीकडून केली काय आणि उजवीकडून केली काय, उत्तर तेच येते, ही गोष्ट आपल्याला इतकी उघड वाटते की मुलाला ती एके दिवशी स्वतः शोधून काढावी लागते हे आपण विसरून जातो.

त्या घरची आई कोळीवाड्यातली. आम्ही तिला म्हटले, ताई, याला तुम्हीच चार दिवस शिंपल्या मोजायला बसवा. ती हसली आणि म्हणाली, "आम्ही अंगठेबहाद्दर, आम्हाला कुठलं गणित! शिकवणी लावली आहे त्याला." चार वर्षांच्या पोराला शिकवणी! आणि ही बाई दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात काय करीत होती, ते आम्ही पाहिले. सव्वाशे रुपयांचा एक असे पाच वाटे गिऱ्हाइकाने उचलले. घासाघीस होऊन सव्वासहाशेचे साडेपाचशे झाले. गिऱ्हाइकाने पाचशेच्या दोन नोटा पुढे केल्या, आणि तिने साडेचारशे परत केले तेव्हा तिचा दुसरा हात सुरमईवर चालत होता. कागद नाही, पेन्सिल नाही, बोटे मोडणे नाही. याला गणित म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? ज्या घरात हे चालते त्या घरातली बाई आपल्या मुलाला गणित देण्यास आपण अपात्र आहोत असे मनापासून समजते, आणि आमच्या मते आजच्या विषयातली सर्वांत मोठी हानी हीच आहे.

आमच्या या किनाऱ्याजवळ गणित किती आहे ते पाहा. बोंबील वाळत घालताना जबड्यात जबडा अडकवून त्यांची जोडी दोरीवर टाकतात. ओळच्या ओळ जोड्यांची. दोन, चार, सहा, आठ हा पाढा त्या दोरीवर वाऱ्यावर हलत असतो. कार्ले-खंडाळ्याकडचा पांढरा कांदा माळा विणून विकायला येतो. त्यातही मोजणी आहे. पुन्हा भरतीची वेळ घ्या. तिथीला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्याचा हा हिशेब. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. आज ते कोणी म्हणत नाही. पण ज्या म्हाताऱ्याला पाऊणकी पाठ होती, त्याला होडी केव्हा सोडावी हे घड्याळाइतके चांगले कळत असे.

असो. चार वर्षांच्या मुलाला पाऊणकी शिकवा असे आम्ही म्हणत नाही, नाहीतर उद्या कोणी तिचीही शिकवणी काढायचा!

आता हे सर्व नवे आहे, परदेशातून आले आहे, असे कोणी समजू नये. माँटेसरीबाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या हे खरे. पण त्याच्या आधीच भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्याबरोबर आपल्या ताराबाई मोडक हे काम करीत होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. ताराबाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. माँटेसरीची साधने सुंदर, परंतु महाग. ती शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतीच राहणार. म्हणून १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत ना? मग शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, असे म्हणून त्यांनी अंगणवाडी काढली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आणि साधने कोणती, तर बिया, खडे, शिंपले, पाने, काड्या. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना देशभर जे अंगणवाडी म्हणतात, तो शब्द आपल्या या किनारपट्टीतला आहे. आपल्या गावातल्या अंगणवाडीच्या दारावरून जाताना हे आठवावे. योगायोग असा की, संख्यांशी खेळण्यात ज्यांनी आयुष्य घालविले ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्मही १९०५ साली त्याच डहाणूचा.

माँटेसरीच्या साधनांपैकी एकच घेतो, कारण ते आपल्याला फुकट करता येते. एका पेटीत दहा खण असतात. त्यांवर शून्यापासून नऊपर्यंत अंक. सोबत पंचेचाळीस चात्या. मुलाने एकाच्या खणात एक, दोनाच्या खणात दोन, असे करीत नऊपर्यंत जायचे. चात्या बरोबर संपतात. कुठे एक कमी-जास्त पडली तर शेवटी हाताशी उरते किंवा कमी भरते, आणि चूक झाली हे कोणी मोठ्या माणसाने सांगावे लागत नाही. आणि शून्याचा खण? तो रिकामाच. मूल त्या खणापाशी पहिल्यांदा थबकते. आत काही नाही, आणि तरी त्याला नाव आहे! ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात ज्याचे नियम लिहिले ते शून्य चार वर्षांच्या मुलाला रिकाम्या खणाच्या रूपाने भेटते. आपल्याकडे खराटा आहेच. माडाच्या झावळीच्या हिरांचे सारखे पंचेचाळीस तुकडे करावेत, करवंट्या नऊ मांडाव्यात आणि दहावी रिकामी ठेवण्यासाठी. खर्च काही नाही. टोके मात्र घासून बोथट करावीत, डोळ्यांत जातात.

आता घरात काय करावे? नवे काही करू नये, जे चालले आहे त्यात मुलाला घ्यावे, असे आमचे सांगणे आहे. जेवणाची पाने मांडायची आहेत. "किती माणसे जेवायला?" बाबा एक, आजी दोन, आई तीन, मी चार. मग चार ताटे, प्रत्येक ताटात एक वाटी. एक वाटी कमी पडली तर मुलाला मोजण्याच्या आधीच ते दिसते. या एकास-एक जोडीतून संख्या जन्मते. मग आज पाहुणा आला, किती ताटे? येथे ते मूल बेरीज करते, आणि बेरीज हा शब्द कोणी उच्चारलेलाही नसतो. तांदळाची भाकरी मोडताना अर्धी, पाव, चतकोर हे शब्द मुद्दाम वापरावेत. चतकोर हा किती नेमका शब्द आहे! चौथा कोर. त्याच्या हातात भाकरीचा तो तुकडा असतानाच तो कानावर पडला पाहिजे.

सुक्या शिंपल्या, शंख, चिंचोके, वालाचे दाणे यांची एक टोपली भरून ठेवावी आणि मुलाला वेगवेगळे ढीग करायला सांगावे. कसे करायचे ते मात्र सांगू नये. एका मुलीने शिंपल्यांचे दोन ढीग केले. आम्हांला त्यात रंगाचा नियम दिसेना, आकाराचा दिसेना. विचारले तेव्हा म्हणाली, "या पाणी धरतात, या धरत नाहीत." खोलगट आणि पसरट! आम्ही जन्मभर वर्गीकरण शिकवीत आलो, पण हा नियम आम्हांला सुचला नसता. (वालाचे दाणे तीन वर्षांच्या आतल्या मुलाजवळ एकट्याने ठेवू नयेत, नाकात जातात, तोंडात जातात. ही सूचना आजीमंडळींना नको, पण तरुण आई-बापांना हवी.)

एकीबेकी हा खेळ आजही कोणाला येतो का? आता हात वर झाले ते सगळे पांढऱ्या केसांचे! मुठीत चिंचोके घ्यायचे आणि विचारायचे, एकी की बेकी? मूठ उघडली की दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. एक एकटा उरला तर एकी, सगळ्यांना जोडीदार मिळाला तर बेकी. सम आणि विषम हे शब्द पुढे शाळेत येतीलच. याचाच धाकटा भाऊ म्हणजे पाच चिंचोक्यांचा खेळ. पाच मोजून घ्यायचे, दोन्ही मुठींत वाटायचे, एक मूठ उघडून दाखवायची. उघड्या हातावर तीन. मिटलेल्या हातात किती? पाच म्हणजे तीन आणि दोन, पाच म्हणजे चार आणि एक, हे ज्याच्या अंगवळणी पडले त्याला वजाबाकीची भीती कशी वाटेल? पाच पचले की सहा घ्यावेत. दहापर्यंत जायला वर्ष लागले तरी हरकत नाही.

दोन चिंचोके मधून फोडून त्यांची चार अर्धुके घेतली की फासे तयार. पांढरी बाजू वर आलेली मोजायची. चारही पांढरी तर चार, चारही काळी तर आठ. यावर चल्लसआठ चालतो. लहानग्यांसाठी मात्र तो पट अवघड. त्याऐवजी वाळूत दहा घरांची एक सरळ ओळ आखावी आणि घरांत एक ते दहा अंक काढावेत. हे आम्ही मनचे सांगत नाही. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर असाच पट खेळून पाहिला. चार बैठका, प्रत्येक बैठक सुमारे पाव तासाची, म्हणजे सगळा मिळून एक तास. अंकांच्या पटावर खेळलेल्या मुलांची संख्यांची समज स्पष्टपणे वाढली. रंगांच्या पटावर खेळलेल्यांची तशी वाढली नाही. त्यात एक मेख होती. सोंगटी तिनावर आहे आणि दान दोनाचे पडले, तर मुलाने "एक, दोन" म्हणायचे नाही. "चार, पाच" म्हणत पुढे जायचे. एवढासाच फरक, पण तो फार मोलाचा. आपल्या सापशिडीतही अंक आहेत, परंतु तिची ओळ नागमोडी वळते, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे. चार वर्षांच्या मुलाला ती दिशा उमजत नाही. म्हणून आधी सरळ ओळ, मग सापशिडी.

किनाऱ्यावरून संध्याकाळी परतताना उभे राहून विचारावे, जवळ कोणती, उंदेरी की खांदेरी? मोठी कोणती दिसते? होडीने गेलो तर आधी कोणती लागेल? पुढे, मागे, पलीकडे, अलीकडे हे शब्दही गणिताचेच. दूरची वस्तू लहान दिसते म्हणून लहान नसते, हे कळायला खांदेरीइतके चांगले साधन कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

मापांची गोष्ट निघाली म्हणून थोडे सांगतो. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दर वेळी दुप्पट. ही मापे ज्या घरात एकात एक घालून ठेवलेली असत, त्या घरातले मूल तांदूळ ओतता ओतता दुपटीचा आणि निमपटीचा व्यवहार शिकत असे. आणि मोजताना पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणत. लाभ, दोन, तीन! १ एप्रिल १९५७ ला नाणी दशमान झाली, पुढच्या वर्षापासून किलो येऊ लागले आणि ही मापे माळ्यावर गेली. दशमान पद्धती उत्तमच आहे. तिच्याविषयी तक्रार नाही. पण माळ्यावरची मापे उतरवून मुलांच्या हाती द्यायला काय हरकत आहे? नसतील तर वाटी, पेला आणि तांब्या पुरे. अरुंद, उंच पेल्यातले पाणी मुलासमोर पसरट वाटीत ओता आणि विचारा, पाणी कमी झाले का? चार वर्षांचे मूल बहुधा "हो" म्हणेल. स्विस मानसशास्त्रज्ञ प्याजे यांनी हा प्रयोग जगप्रसिद्ध केला. आपण त्याच्याशी वाद घालू नये, डोळे वटारू नयेत. पाणी परत पेल्यात ओतावे, आणि त्याच्याच हातांनी ओतू द्यावे. ते सहा-सात वर्षांचे झाले की आपले आपणच म्हणेल, "वेडे आहात का? पाणी तेवढेच आहे." त्या दिवसापर्यंत वाट पाहायची.

वाट पाहणे हेच आपल्याला जमत नाही. आम्ही तीन वर्षांच्या मुलांच्या वह्या पाहिल्या आहेत. पानेच्या पाने एक ते पन्नास; बोटांना पेन्सिल धरायचे बळ नाही, अंक ओळीबाहेर गेले म्हणून लाल रेघ. एका शाळेतल्या मुलाच्या वहीत पंचवीसच्या जागी दर वेळी बावन्न लिहिलेले होते आणि दर वेळी फुली. कोणी विचारले नाही की हा असे का करतो. अहो, त्याने जसे ऐकले तसे लिहिले! आपण "पंच-वीस" म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. मराठी संख्यानामांत ही अडचण आहेच. शिवाय एकोणीस म्हणजे वीसला एक उणा. एकोणतीस, एकोणचाळीस अशीच वजाबाकी एकोणनव्वदपर्यंत चालते, आणि नव्व्याण्णव आले की नियम मोडतो. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली "वीस पाच" असे वाचण्याची रीत सुचविली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आपल्याला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या रीतीची बाजू शांतपणे मांडली होती. आमचे मत विचाराल तर पंचवीस हा शब्द सोडण्याचे कारण नाही. ती आपली भाषा आहे, बाजार त्याच शब्दांवर चालतो. परंतु घरात काड्या मोजताना दहा-दहाच्या दोन मोळ्या आणि पाच सुट्या काड्या मुलासमोर ठेवून "वीस आणि पाच, पंचवीस" असे दोन्ही म्हणावे. गदारोळ करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या नातवापुढे अशा दोन मोळ्या बांधून ठेवल्या, हे आम्हांस ठाऊक नाही.

त्या थळच्या घरी आम्ही पुन्हा गेलो, दोन-अडीच महिन्यांनी. शिकवणी चालूच होती. तिच्याविषयी आम्ही काही बोललो नाही. पण आई ओट्यावर सुकी मासळी निवडीत होती आणि पोरगा शेजारी बसून बोंबलांच्या जोड्या लावीत होता. आम्ही म्हटले, "बाळ, चार दे." त्याने दोन जोड्या उचलल्या, आमच्या हातावर ठेवल्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. मोजलेही नाही. आई म्हणाली, "आता वाटे लावायलाही बसतो. मोठे मासे सगळे आपल्या वाट्यात घालतो, तेवढी खोड आहे." समान वाटणीचा पाठ अजून बाकी होता म्हणायचा!

वेळ संपत आली आहे आणि अध्यक्षांनी घड्याळ पाहिलेले आम्ही पाहिले. एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. एका भगिनीने विचारले आहे, नोकरीवरून घरी यायला सात वाजतात, मग हे सगळे रोज किती वेळ करावे? भगिनी, वेगळा वेळ काढू नका. कुकर होईपर्यंत ताटे मांडून घ्या. झोपताना पाच चिंचोके खेळा. तीन डाव पुरे, चौथा तो मागेल तेव्हा "उद्या" म्हणा. दुसरी चिठ्ठी एका आजोबांची आहे. नातू मुंबईत असतो, मे महिन्यात येणार. चल्लसआठचा पट कसा आखतात ते विसरलो आहे. आजोबा, पाच घरे आडवी, पाच उभी. मधल्या घरात आणि चारही बाजूंच्या मधल्या घरांत फुल्या. व्याख्यान संपल्यावर येथेच थांबा, खडूने आखून दाखवतो.